पलंगपोसाआधी उशीचा अभ्रा : आधुनिक क्विल्टची सुरुवात कोठून करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरात साधे शिलाई यंत्र आहे, कपडे शिवण्याचा सराव आहे, सुती कापडाचे तुकडे भरपूर साठले आहेत आणि मोकळी पार्श्वभूमी व ठळक भौमितिक आकार असलेला आधुनिक धाटणीचा मोठा पलंगपोस करण्याची इच्छा आहे, परंतु नमुन्यादाखल शिवलेले चौकोन एकमेकांशी जुळत नाहीत. नेमके कोठे बिघडते, आधी काय करायला घ्यावे आणि नेहमी धुता येईल अशी क्विल्ट कशी करावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. क्विल्ट म्हणजे तुकडे जोडून केलेला वरचा भाग, मधला मऊ थर (भरण) आणि खालचे अस्तर हे तीन थर टाक्यांनी एकत्र शिवलेले, गोधडीसारखे काम.

चौकोन न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा शिवणीच्या रुंदीत सापडते. पहिले काम म्हणून पलंगपोस घेऊ नये, उशीचा अभ्रा घ्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. धुण्यात क्विल्ट टिकेल की नाही, हे मात्र कात्री लावण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. कारण कापड, मधले भरण आणि तिन्ही थरांना धरून ठेवणारे टाके यांचा मेळ आधी बसवावा लागतो. पारंपरिक ठोकळ्यांच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनी भागांच्या, क्विल्टमध्ये टाक्यांचा विचार शेवटी केला तरी निभावते. आधुनिक क्विल्टमध्ये ते चालत नाही, कारण तेथे मोकळ्या जागेवर टाक्यांखेरीज दुसरे काहीच नसते.

ही शैली साधी दिसते म्हणून सोपी वाटते, आणि नवखे लोक येथेच फसतात. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या मॉडर्न क्विल्ट गिल्ड या संस्थेने या धाटणीला नाव आणि व्यासपीठ मिळवून दिले : ठळक रंग, एकरंगी कापडांचा मुक्त वापर, कमीत कमी घटक, विस्तीर्ण मोकळी पार्श्वभूमी आणि चौकटीत न बसणारी मांडणी. मात्र यातील बरेचसे जुनेच आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली अमेरिकन क्विल्ट अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर लावून दाखवल्या होत्या. अलाबामातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी वापरून विटलेल्या कपड्यांतून केलेल्या क्विल्टचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात भरले, तेव्हा वाकड्यातिकड्या पट्ट्यांतूनही किती पक्की रचना उभी राहते हे अनेकांनी प्रथमच पाहिले. साठलेले तुकडे वापरू इच्छिणाऱ्याने ही छायाचित्रे जरूर पाहावीत. त्यांतील अनेक क्विल्टमध्ये रंग मोजकेच असतात आणि कामाच्या कपड्यांचा विटलेला निळा रंग नक्षीचे निम्मे काम करतो.

आता चौकोनांकडे वळू. कपडे शिवताना आपण अर्धा इंच किंवा त्याहून अधिक माया, म्हणजे शिवणीपलीकडे कडेचे कापड, सोडतो आणि थोडे इकडेतिकडे झाले तर अंगाच्या मापात ते खपून जाते. तुकडेजोडीच्या कामात माया पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर असते आणि प्रत्येक जोडात ती तंतोतंत तेवढीच असावी लागते. एका ओळीत बारा तुकडे असतील तर अकरा जोड येतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला केवळ दीड मिलिमीटर माया जास्त गेली, तर एका जोडात ३ आणि अकरा जोडांत ३३ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून अधिक रुंदी कमी होते. शेजारच्या ओळीत जोड कमी असतील तर तिची रुंदी तेवढी घटत नाही आणि दोन ओळी एकमेकींना जोडताना कापड ओढावे लागते. आपल्या नमुन्यात हेच घडले असण्याची शक्यता अधिक आहे.

याची परीक्षा सोपी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापाव्यात, पाव इंच माया धरून एकमेकींना जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मोजावे. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. ती कमी भरली तर शिवण आत जात आहे. इस्त्री केल्यावर कापडाच्या घडीतही एक-दोन धाग्यांची जागा जाते, म्हणून शिवण पाव इंचापेक्षा केसभर बारीक ठेवावी लागते. सुईपासून योग्य अंतर मोजून यंत्राच्या पाट्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले की कापड त्या कडेला टेकवून सरकवता येते. पाव इंचाचा खास प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय) मिळतो आणि तो उपयोगी आहे, पण तो लावल्यावरही ही परीक्षा टाळू नये. तुकडे जोडताना टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर, सुई ८० क्रमांकाची आणि दोरा बारीक सुती असावा. जाड दोरा शिवणीतच जागा खातो.

कापण्याविषयी फार लिहीत नाही. फिरत्या पात्याचे रोटरी कटर १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीने बाजारात आणले, आणि तेव्हापासून कापडाखाली ठेवायची मॅट, पारदर्शक पट्टी आणि कटर हे त्रिकूट या कामात रूढ झाले आहे. कात्रीनेही काम होते, फक्त कापड उचलले जाऊ देऊ नये. अधिक महत्त्वाचे आहे ते धाग्याची दिशा पाहणे. काठाला समांतर जाणारा उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा अधिक, आणि उरेब, म्हणजे तिरकी कड, हात लावताच लांबते. त्रिकोण असलेल्या नमुन्यात कोठेतरी उरेब कड येतेच, म्हणून आधीच त्रिकोण कापून ते जोडण्याऐवजी चौकोनांतून त्रिकोण काढण्याची पद्धत मी वापरते. चार इंचांचा तयार ठोकळा हवा असेल तर दोन रंगांचे पाच इंचांचे चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून घ्यावेत, वरच्या चौकोनावर कर्णरेषा आखावी, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घालावी आणि मग कर्णावर कापावे. दोन ठोकळे मिळतात. ते मुद्दामच किंचित मोठे असतात. पट्टीवरची ४५ अंशांची रेषा शिवणीवर टेकवून ते साडेचार इंचांचे छाटून घ्यावेत; जोडताना प्रत्येक कडेची पाव इंच माया गेली की चार इंच उरतात. या छाटणीत वेळ जातो, पण पुढे कोपरे आपोआप जुळतात.

इस्त्री फिरवायची नसते, टेकवून उचलायची असते. फिरवली की कापड सरकते आणि मेहनतीने सांभाळलेले माप जाते. शिवणीची माया शक्यतो गडद कापडाकडे वळवावी, म्हणजे पांढऱ्या भागातून ती दिसत नाही. लगतच्या ओळींत ती परस्परविरुद्ध दिशांना वळवली तर जोडताना दोन उंचवटे एकमेकांत अडकून बसतात, आणि जुळणी डोळ्यांनी पाहण्याआधीच बोटांना कळते.

तुकड्यांच्या साठ्यातून काय घ्यावे, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत रसाळ भाग आहे. माझे मत काहीसे कठोर वाटेल : साठ्यातील निम्मे तुकडे बाजूला ठेवावेत. मध्यम जाडीचे, घट्ट पण लवचीक विणीचे सुती कापड घ्यावे. ताणले जाणारे विणीव कापड, घसरणारे रेशमी कापड आणि सैल विणीचे पडद्याचे कापड यांना सुती तुकड्यांशेजारी बसवू नये, कारण धुतल्यावर प्रत्येक जण वेगवेगळा आकसतो. जुन्या सदऱ्यांचे कापड उत्तम असते, मात्र कोपर, कॉलर आणि काखेजवळचा विरलेला भाग टाकून द्यावा. विरलेला एक तुकडा सबंध क्विल्टचे आयुष्य ठरवतो आणि तो नंतर बदलणे जिकिरीचे असते.

गडद लाल, निळा आणि काळा हे रंग पाण्यात सुटण्याची भीती असते. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबावा; डाग पडला तर ते कापड वेगळे धुऊन पुन्हा तपासावे, आणि तरीही रंग सुटत राहिला तर ते पांढऱ्या पार्श्वभूमीजवळ आणूच नये. नेहमी धुतल्या जाणाऱ्या क्विल्टसाठी सर्व कापडे आधी धुऊन वाळवून घ्यावीत, अशा मताची मी आहे. नव्या कापडाची खळ गेली की ते कापायला थोडे मऊ पडते, पण इस्त्री करताना हलकी खळ फवारली की तो प्रश्न सुटतो.

रंगसंगतीच्या बाबतीत लोक लाल-निळ्यात अडकतात आणि फिका-गडद हा भेद विसरतात. आकार ठळक दिसतो तो या भेदामुळे. निवडलेले तुकडे ओळीने मांडावेत, मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे. जे दोन तुकडे त्यात एकसारखे राखाडी दिसतात, ते क्विल्टमध्ये शेजारी आले की दुरून त्यांची सीमा फारशी जाणवत नाही. पार्श्वभूमीचे कापड साठ्यातून जमवू नये. ते एकाच ताग्यातले, लागेल त्याहून थोडे अधिक, एकदमच घ्यावे. नंतर आणलेले ‘तेच’ पांढरे कापड वेगळ्या रंगाईचे निघते, आणि मोकळ्या जागेत तो फरक डोळ्यांत खुपतो.

कापण्यापूर्वी कागदावर क्विल्टचे छोटे चित्र काढावे आणि त्यावर टाक्यांच्या रेषाही आखाव्यात, असे मी येथे आग्रहाने सांगते. पार्श्वभूमीवर अर्ध्या इंचाच्या अंतराने सरळ रेषा मारल्या की ती ताठ आणि कापडी चित्रासारखी होते. दोन इंचांचे अंतर ठेवले की ती मऊ राहते आणि अंगावर पडते. भिंतीवर लावायच्या क्विल्टला पहिला प्रकार शोभतो, पांघरायच्या क्विल्टला दुसरा. शिवाय भरणाचीही अट असते. कोणत्या भरणाला टाक्यांत जास्तीत जास्त किती अंतर चालते, हे पाकिटावर छापलेले असते : काही सुती भरणांना ३ ते ४ इंच, तर जाळीच्या आधारावर बसवलेल्या काहींना ८ ते १० इंचही पुरतात. त्याहून अधिक मोकळी जागा सोडली तर धुतल्यावर भरण आतल्या आत गोळा होते. सुती भरण पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आकसते आणि क्विल्टला बारीक सुरकुत्यांचे रूप देते. हे रूप नको असेल तर पॉलिएस्टरचे भरण घ्यावे. ते हलके असते, कमी आकसते, परंतु उष्णतेपुढे टिकत नाही.

उशीच्या अभ्र्यात हे सगळे लहान प्रमाणावर अनुभवता येते. १८ इंचांची उशी धरून चालू. पुढच्या भागासाठी एकरंगी पार्श्वभूमी घ्यावी आणि आकृती मध्यभागी न ठेवता एका कोपऱ्याकडे सरकवावी. वर सांगितलेले चार इंचांचे चार-पाच त्रिकोणी ठोकळे एका तिरक्या ओळीत उतरत गेले तरी पुरेसे आहेत. हा भाग १९ इंचांचा करावा, कारण टाक्यांमुळे तो आकसतो. खाली भरण आणि साधे अस्तर ठेवून तिन्ही थरांवर एक-एक इंचाने सरळ रेषा माराव्यात आणि मगच १८ इंचांचा चौकोन छाटावा. पाठीसाठी १८ × १३ इंचांचे दोन तुकडे घ्यावेत, प्रत्येकाची एक लांब कड दोनदा अर्धा-अर्धा इंच दुमडून शिवावी आणि ते एकमेकांवर चढवून पुढच्या भागाला जोडावेत. मध्ये सहा इंचांचा पदर राहतो, त्यामुळे चेन किंवा बटणांची गरज पडत नाही. अर्धा इंच माया घेतल्यास अभ्रा १७ इंचांचा होतो आणि उशी त्यात भरीव बसते. मापात थोडा फरक राहिला तरी शेवटच्या छाटणीत तो सामावतो, म्हणूनच शिकण्यासाठी याहून चांगले काम नाही.

टेबलावरची लांब पट्टी हे दुसरे चांगले काम. गरम भांडी त्यावर ठेवायची असतील तर कापड, भरण आणि दोरा सर्व काही सुतीच असावे, कारण पॉलिएस्टर वितळते. भरणाचे दोन थर घेतल्यास टेबलाला धग लागत नाही.

त्यानंतर सोफ्यावर टाकायची ५० × ६० इंचांची क्विल्ट घ्यावी. दहा इंचांचे तयार ठोकळे पाच आणि सहा अशा मांडणीत तीस बसतात, पण आधुनिक धाटणीत त्यांपैकी दहा-बाराच नक्षीचे आणि उरलेले कोरे ठेवले तरी चालते. कोरे ठोकळे वेगवेगळे कापून जोडू नयेत. शेजारशेजारच्या कोऱ्या जागा मिळून एकच मोठा तुकडा कापावा, म्हणजे विनाकारण जोड येत नाहीत. अस्तर चारही बाजूंनी तीन इंच मोठे, म्हणजे ५६ × ६६ इंच लागते. ४२ इंच पन्ह्याचे कापड असेल तर ५६ इंचांचे दोन तुकडे आडव्या जोडाने शिवावेत. सुमारे तीन मीटर कापडात ते भागते. अस्तराच्या जोडाला अर्धा इंच माया ठेवावी आणि ती दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करावी.

तीन थर एकत्र करताना घाई झाली की मागच्या बाजूला चुण्या पडतात आणि त्या शिवणीखाली कायमच्या बसतात. अस्तर उलटे करून जमिनीवर चिकटपट्टीने ताठ, पण न ताणता, बसवावे. ताणून बसवले तर पट्टी काढताच ते आकसते आणि वरचा थर गोळा होतो. त्यावर भरण आणि मग वरचा भाग मधून कडेकडे हाताने सपाट करत न्यावा. पिना हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर लावाव्यात. हाताने शिवायचे असेल तर लांब कच्चे टाके घालावेत.

रेषा मारण्यासाठी वॉकिंग फूट आवश्यक समजावा. साधा प्रेसर फूट वरचा थर पुढे ढकलतो आणि यंत्राचे दाते खालचा थर मागे ओढतात. वॉकिंग फूटमध्ये वरूनही दाते असल्यामुळे तिन्ही थर एकत्र सरकतात. टाका तीन मिलिमीटरपर्यंत वाढवावा आणि सुई ९० क्रमांकाची लावावी. पहिली रेषा मधोमध मारावी आणि मग एका बाजूचे काम संपवून दुसरीकडे जावे. सर्व रेषा एकाच कडेपासून सुरू कराव्यात. एक खाली, पुढची वर असे केल्यास दोन रेषांमध्ये तिरक्या चुण्या उमटतात. यंत्राचा कंटाळा असेल तर जाड सुती भरतकामाच्या दोऱ्याने मोठा धावदोरा घालावा. असे टाके नक्षीचा भाग म्हणून मिरवतात आणि त्यांत थोडी असमानता आली तरी ती वाईट दिसत नाही. यंत्राच्या सरळ रेषेला मात्र वाकडेपणा क्षम्य नसतो.

कडेच्या पट्टीसाठी अडीच इंच रुंदीच्या सरळ धाग्याच्या पट्ट्या चालतात. उरेब पट्टी केवळ गोलाकार कडेला लागते. ५० × ६० इंचांच्या क्विल्टचा परीघ २२० इंच भरतो, म्हणून ४२ इंचांच्या सहा पट्ट्या तिरक्या जोडाने एकत्र कराव्यात, लांबीत दुमडून इस्त्री करावी आणि उघड्या कडा क्विल्टच्या कडेला लावून पुढच्या बाजूने शिवाव्यात. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबून पट्टी वर ४५ अंशांत दुमडावी, मग खाली आणून घडी वरच्या कडेशी नेमकी जुळवावी आणि तेथून पुढची बाजू सुरू करावी. शेवटी पट्टी मागे वळवून हाताने तुरपाई करावी. यंत्रानेही होते, पण कोपरे हाताने अधिक चांगले बसतात.

आता आपला पलंगपोस. मोठ्या पलंगासाठी तो साधारण ९० × १०० इंचांचा होतो, म्हणजे सोफ्यावरच्या क्विल्टच्या तिप्पट क्षेत्रफळाचा, आणि त्याची अर्धी गुंडाळी घरगुती यंत्राच्या सहा-सात इंचांच्या कमानीखालून सरकवावी लागते. नक्षीपेक्षा वजनच हाताला थकवते. यावर दोन उपाय आहेत. वरचा भाग तयार करून रेषा मारण्याचे काम लाँगआर्म, म्हणजे लांब कमानीच्या मोठ्या, क्विल्टिंग यंत्रावर करून घ्यावे. त्यासाठी अस्तर आणि भरण चारही बाजूंनी किमान चार इंच अधिक ठेवावे लागते. किंवा पलंगपोस तीन लांब भागांत विभागून प्रत्येक भाग भरणासह पूर्ण शिवावा आणि मग जोडावा. दुसऱ्या पद्धतीत जोडाच्या रेषा नक्षीचाच भाग वाटतील अशी मांडणी आधी आखावी लागते. मोकळ्या पार्श्वभूमीच्या मधोमध आलेला जोड लपत नाही.

धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा, पहिल्या खेपेस क्विल्ट एकटीच धुवावी. ओली क्विल्ट पिळू नये आणि एका दोरीवर टांगू नये, कारण पाण्याच्या वजनाने टाके ताणले जातात. सपाट पसरून किंवा दोन-तीन दोऱ्यांवर आडवी टाकून ती सावलीत वाळवावी. भिंतीवरची क्विल्ट शक्यतो धुऊच नये. तिच्या मागे वरच्या कडेला चार इंचांची कापडी नळी शिवून त्यातून काठी घालावी, ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर लावावी आणि धूळ ब्रशने झटकावी. ठेवणीतल्या क्विल्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. सुती कापडात गुंडाळाव्यात आणि काही महिन्यांनी घड्या बदलाव्यात, नाहीतर दुमडलेल्या रेषेवर भरण दबून तेथेच कापड आधी विरते.